सल्ला हवा आहे: सायबेरियातले शक – जाण्याआधी काय वाचावं, तिथे काय पाहावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. माझी लेक रशियात बर्नाउलला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुलैत मी आणि आमचे हे पंधरा दिवस तिच्याकडे जातोय. मागच्या महिन्यात ती मैत्रिणींबरोबर गोर्नो-अल्ताइस्कच्या संग्रहालयात गेली होती. तिथून तिनं अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या पोशाखाच्या प्रतिकृतीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आई, हे शक आहेत म्हणे. आपल्या पांडवलेण्यातले शक ते हेच का?"

मी नाशिकची. पांडवलेणी लहानपणापासून चढतेय. शक राजा नहपानाचं नाव माहीत आहे, शालिवाहन शक तर रोज पंचांगात बघते. पण या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं आहे.

तर सल्ला हवा आहे. हे लोक मुळात कुठले, हे समजायला सुरुवात कुठून करू? इंग्रजी वाचते, पण अगदी विद्यापीठी ग्रंथ झेपणार नाही. आणि बर्नाउल हाताशी असताना काय बघितल्याशिवाय परत येऊ नये?

तिफण

ताई, सुरुवात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसपासून करा. त्याच्या इतिहासाचा चौथा भाग निम्म्याहून जास्त सिथियनांवर आहे. ग्रीक ज्यांना सिथियन म्हणत त्यांना इराणी लोक शक म्हणत, हेही त्यानंच लिहून ठेवलंय. सगळा ग्रंथ नको, तेवढाच भाग वाचा. दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

त्यात त्यांच्या उगमाच्या तीन कथा आहेत. एकीत आकाशातून सोन्याचा नांगर, जू, कुऱ्हाड आणि प्याला पडतो. थोरले दोघे भाऊ जवळ गेले की सोनं पेटतं, धाकटा जातो तेव्हा विझतं आणि राज्य त्याला मिळतं. दुसरीत ग्रीक वीर हेराक्लिस आणि अर्धी नागीण असलेली एक स्त्री आहे. तिसरी साधी आहे: हे लोक आशियात राहायचे, दुसऱ्या टोळ्यांनी रेटल्यामुळे पश्चिमेला सरकले. हेरोडोटस म्हणतो, मला ही तिसरी जास्त पटते. तो इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला माणूस, सायबेरियात कधी पाऊल न टाकलेला.

आता तुवात काय सापडलं ते बघा. तुवा म्हणजे अल्ताई पर्वताच्या पूर्वेचा, मंगोलियाला लागून असलेला प्रदेश. तिथल्या अर्झान गावाजवळचा दगडांचा प्रचंड ढिगारा 1971 ते 1974 या काळात खोदला गेला. व्यास शंभर मीटरच्या वर. आत लार्च या सूचिपर्णी झाडाच्या ओंडक्यांच्या कोठ्या, मध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या, आणि दीडशेच्या वर घोडे पुरलेले. काळ निघाला इसवी सनापूर्वी नववं शतक संपता-संपता किंवा आठवं सुरू होताना. म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या प्रसिद्ध सिथियन थडग्यांच्या कितीतरी आधीचा. तोवर बहुतेकांना वाटायचं की ही संस्कृती पश्चिमेला जन्मली आणि पूर्वेला पसरली. अर्झाननं ती दिशाच फिरवली. घोड्याचा साज, शस्त्रं आणि अंग मुडपलेल्या प्राण्यांची नक्षी ही त्यांची तिहेरी ओळख, आणि तिचे सगळ्यात जुने नमुने पूर्वेला मिळतात. माझ्यासाठी उगमाच्या प्रश्नाचं सगळ्यात ठोस उत्तर हेच आहे.

नंतर सर्गेई रुदेन्को यांचं अल्ताईतल्या पाझिरिकच्या थडग्यांच्या उत्खननावरचं पुस्तक घ्या. इंग्रजी अनुवाद 1970 चा आहे. जुनं आहे, काही कालनिर्णय आता बदललेत. पण ज्या माणसानं स्वतःच्या हातानं बर्फ वितळवून वस्तू बाहेर काढल्या त्याचं लिखाण आहे. चित्रं बघितली तरी पुरे.

रानवाटा

मी 2018 साली अल्ताईत तीन आठवडे होतो, त्यामुळे प्रवासाचं सांगतो.

बर्नाउलहून गोर्नो-अल्ताइस्क साधारण अडीचशे किलोमीटर, रस्ता उत्तम. तिथलं अनोखिन संग्रहालय चुकवू नका. तुमच्या लेकीनं जिचा पोशाख पाहिला ती बाई 1993 मध्ये नतालिया पोलोस्माक यांच्या पथकाला उकोक पठारावर सापडली. गेली तेव्हा वय पंचविशीच्या आसपास. लार्चच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली पेटी, बाहेर सहा घोडे. खांद्यावर गोंदण: हरीण, पण तोंडाला गरुडाची चोच आणि शिंगांच्या टोकांना पक्ष्यांची डोकी. घोड्यांच्या पोटातल्या चाऱ्यावरून कळलं की पुरलं तेव्हा उन्हाळ्याची सुरुवात होती.

आणि जवळ दगडाच्या छोट्या ताटलीत धणे होते. हो, आपले धणे. काचेसमोर उभा असताना मला सोन्याच्या मुलाम्यापेक्षा त्या धण्यांनीच जास्त धरून ठेवलं. अल्ताईच्या त्या उंचीवर धणे पिकत नाहीत, म्हणजे दक्षिणेकडून कुणाच्या तरी झोळीतून आले असणार.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. स्थानिक अल्ताई लोक तिला आपली पूर्वज मानतात. तिला उकरून नोवोसिबिर्स्कला नेलं याचं दुःख त्यांनी वर्षानुवर्षं बोलून दाखवलं. 2003 च्या मोठ्या भूकंपाचा संबंधही पुष्कळांनी त्याच्याशी जोडला. 2012 मध्ये ती परत आली. ममी रोज उघडी नसते, ठरावीक दिवशीच दाखवतात, तेव्हा लेकीला आधी फोन करायला सांगा. आणि तो दिवस जमला नाही तर हट्ट धरू नका. मी स्वतः तिला पाहिलं नाही. दाराबाहेर एक आजी हात जोडून उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघून मी मागे फिरलो.

उकोकला जायचा विचार असेल तर ते सीमेवर आहे. परदेशी माणसाला वेगळा परवाना लागतो आणि तो मिळायला बरेच दिवस जातात. जुलैसाठी आत्ताच अर्ज करावा लागेल. त्यापेक्षा चुया महामार्गानं जा. वाटेत नदीकाठी कुर्गान दिसतात, म्हणजे दगडांचे ते बसके ढिगारे. मूळ पाझिरिकचं खोरं उलागान भागात बलिक्तुयूल गावाजवळ आहे. आता तिथे खड्डे आणि दगडच आहेत, पण जागा बघितली की कळतं की लोकांनी आपल्या माणसांना नेमकं तिथेच का ठेवलं.

गोदाकाठ

रानवाटा, धण्यांचं वाचून मी स्वयंपाकघरातच जरा वेळ बसून राहिले. ममी बघायची की नाही यावर लेकीशी बोलेन. एक प्रश्न: अडीच हजार वर्षं कापड, कातडी टिकलीच कशी? तो सगळा भाग कायम बर्फात असतो का?

तिफण

नाही ताई, आणि खरी गंमत तिथेच आहे. आजूबाजूची जमीन उन्हाळ्यात चांगली वितळते. बर्फ थडग्यातच तयार झाला. खोल खड्डा, त्यात ओंडक्यांची खोली, वर पुन्हा ओंडके आणि त्यावर दगडांचा ढीग. दगडांच्या फटींतून थंड हवा आत उतरते आणि ऊन खालपर्यंत पोहोचत नाही. पाझिरिकला तर चोरांनी जुन्या काळीच भोकं पाडून सोनं नेलं होतं. त्या भोकांतून पावसाचं पाणी आत गेलं आणि गोठलं ते पुन्हा वितळलंच नाही. चोर सोनं घेऊन गेले, पण त्यांच्यामुळेच लाकूड, लोकर, रेशीम आणि माणसाच्या कातडीवरचं गोंदण टिकलं.

पाचव्या कुर्गानात 1949 मध्ये सापडलेला गालिचा आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. जवळपास दोन मीटर चौरस, कडेनं अठ्ठावीस घोडेस्वार, त्याच्या आतल्या पट्टीत चोवीस ठिपकेवाली हरणं. दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 36 गाठी. गाठ मारून विणलेला इतका जुना, अखंड गालिचा जगात दुसरा नाही. तो तिथेच विणला की इराणकडून आला, यावर अजून वाद आहे.

माळरान

मी इतिहासातली नाही, पण वाचून राहवलं नाही. हे लोक लोकर न विणता, नुसती कुटून-दाबूनही तिचं कापड करायचे, म्हणजे आपला बुरणूस. माझ्या आजोबांकडे पिंजारी बुरणूस करायला यायचे. मेंढीची लोकर पिंजून चटईवर थरावर थर पसरायची, साबणाचं कोमट पाणी शिंपडायचं, गुंडाळी करायची आणि हातांनी, कोपरांनी तासन् तास लाटत राहायचं. धागा नाही, माग नाही. लोकरीचा केस केसात अडकतो आणि पान तयार होतं. ओल्या लोकरीचा तो वास मला अजून आठवतो.

पाझिरिकच्या त्याच पाचव्या थडग्यात बुरणुसाचा शिवलेला पांढरा हंस निघाला, पंखांची टोकं काळी. आणि भिंतभर मोठा बुरणुसाचा पडदा, त्यावर आसनावर बसलेली देवी आणि समोर घोडेस्वार, सगळं रंगीत तुकडे कापून शिवलेलं. सतत हिंडणाऱ्या माणसाला मोठा माग कुठे मांडता येतो? मेंढी, पाणी आणि हात एवढ्यावर घर, अंथरूण, खोगीर आणि देव सगळं करता येतं. ताई, संग्रहालयात सोन्याकडे सगळे जातात, तुम्ही बुरणूस जवळून बघा. शिवणीचे टाके दिसतात.

शिळाछाप

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, म्हणून लिहितो.

नाव एकच, माणसं तीच नव्हेत. 'शक' हा शब्द इराणच्या राजांनी स्टेपमधल्या, म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतल्या, अनेक टोळ्यांना सरसकट लावला. इराणी सम्राट दारियसच्या लेखांत तर शकांचे प्रकार आहेत, त्यात एक टोकदार टोपीवाले. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर त्यानं कोरवलेल्या रांगेत शेवटचा बंदिवान उंच टोपी घातलेला स्कुंखा आहे, तो शकांचा म्होरक्या. पाझिरिकची माणसं स्वतःला काय म्हणत ते त्यांनी लिहून ठेवलेलं नाही, कारण त्यांच्याकडे लिपीच नव्हती.

आपल्याकडे आलेले शक त्यानंतरचे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात चीनच्या सरहद्दीवरच्या युएझी टोळ्यांनी इली नदीच्या खोऱ्यातल्या शकांना हुसकलं. ते बॅक्ट्रियाकडे (आजचा उत्तर अफगाणिस्तान) आणि आजच्या सिस्तानकडे सरकले. सिस्तान हे नाव शकस्तानवरूनच आलं. तिथून सिंध, गुजरात, माळवा आणि शेवटी आपला घाट. पाझिरिक आणि नहपान यांच्यात तीन-चारशे वर्षं आणि हजारो कोसांचं अंतर आहे. अल्ताईतली ती बाई नहपानाची पणजी नव्हे. फार तर एकाच मोठ्या भाऊबंदकीतली लांबची शाखा म्हणा.

पण जाण्याआधी पांडवलेण्यात दहा नंबरचं लेणं पुन्हा बघाच. तिथे नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. एका लेखात तो स्वतःला स्पष्ट शक म्हणवतो. आणि तो देतो काय? तीन लाख गाई, नारळाची झाडं, तापी-दमण-डहाणूकडच्या नद्यांवर फुकट नावा, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, व्याजानं ठेवलेली कार्षापण नाणी. बायको दक्षमित्रा, तिचंही दान तिथेच कोरलंय. ज्यांचे लांबचे भाऊबंद घोड्यांसकट पुरले गेले, त्यांच्यातला हा माणूस इथे येऊन नावाड्यांची सोय लावतो. मग तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख वाचा. त्यात गौतमीपुत्रानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला असं म्हटलंय. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलेला.

मराठीत वा. वि. मिराशी यांचं सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यावरचं पुस्तक मिळवा. लेखांचा मूळ पाठ आणि अर्थ दोन्ही त्यात आहे. इथल्या टोकासाठी त्याहून चांगलं मला माहीत नाही.

गोदाकाठ

शिळाछाप, डोळ्यांत पाणी आलं वाचून. मी त्या लेण्यात शंभरदा गेले असेन, फुकट होड्यांचा भाग कुणी कधी सांगितला नव्हता. पण मग 'भाऊबंदकी' म्हणता ती रक्ताची की भाषेची?

पेशीगणित

मी जनुकशास्त्रात काम करते, थोडक्यात सांगते. जुन्या हाडांतल्या डीएनएवर 2017 आणि 2021 मध्ये मोठे अभ्यास आले. चित्र असं: हे लोक एका कुळातून निघालेले नाहीत. पश्चिम स्टेपमधल्या कांस्ययुगातल्या पशुपालकांचा वारसा आणि पूर्वेकडच्या, बैकाल सरोवराच्या बाजूच्या लोकांचा वारसा अल्ताई-सायान पट्ट्यात एकत्र झाला. दक्षिणेच्या टोळ्यांत मध्य आशियातल्या शेतकऱ्यांचाही वाटा दिसतो. म्हणून 'मूळचे कुठले' याला एका गावाचं नाव उत्तर म्हणून देता येत नाही, ते मिसळीतच घडले.

भाषा वेगळी गोष्ट. पुढच्या काळातल्या शकांची भाषा खोतानच्या हस्तलिखितांतून नीट कळते, ती पूर्व इराणी शाखेची आहे. कॉकेशसमधले ओसेतियन आजही तिच्या नात्यातली भाषा बोलतात. संस्कृतशी तिचं दुरून नातं आहेच. पाझिरिकची भाषा मात्र अंदाजानंच सांगतात. अल्ताईचे आजचे लोक तुर्की कुळातली भाषा बोलतात, तरी उकोकच्या त्या बाईला पूर्वज मानायला त्यांना भाषा आड येत नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

रानवाटा

ताई, एक राहिलं. परतताना नोवोसिबिर्स्कवरून विमान असेल तर एक दिवस हातात ठेवा. तिथल्या अकादेमगोरोदोक या उपनगरात पुरातत्त्व संस्थेचं संग्रहालय आहे, उकोकच्या बऱ्याच वस्तू तिथे आहेत. वेळ आधी ठरवून जावं लागतं. अर्झानचं सोनं मात्र तुवात किझिलला आहे. तेवढ्यासाठी पंधरा दिवसांत धावपळ करू नका. आणि जुलैतही पठारावर रात्री हाडं गोठतात, स्वेटर आणि कानटोपी हवीच.

गोदाकाठ

ठरलं. रविवारी सकाळी यांना घेऊन दहा नंबरच्या लेण्यात जातेय, मिराशींचं पुस्तक वाचनालयात आहे असं आत्ताच फोनवर कळलं. हेरोडोटसचा चौथा भाग विमानात. लेकीला उत्तर पाठवलं: "नाव तेच, माणसं नंतरची. आल्यावर दोघी मिळून बघू." तिचा लगेच निरोप आला की येताना पाव किलो धणे आण, इथे आपल्यासारखे मिळत नाहीत.

माळरान, आजोबांच्या बुरणुसाचा एखादा तुकडा अजून घरात आहे का हो? असेल तर फोटो टाकाल का इथे?

माळरान

आहे. धान्याच्या कोठीखाली अंथरलेला असायचा, तो मी जपून ठेवलाय. गावी गेले की उजेडात काढून फोटो टाकते.