डोअर्स: भीती वाटते की नुसतं पाठांतर?

रातकिडा:
रोब्लॉक्स या ऑनलाइन गेम प्लॅटफॉर्मवरचं डोअर्स २०२२ ला आलं तेव्हापासून खेळतोय म्हणून स्पष्टच बोलतो, हा हॉरर गेम नाहीये, पाढे पाठ करायचा प्रकार आहे. झपाटलेलं हॉटेल, १०० दारं, एकेक उघडत पुढे जायचं, इथवर झकास. पण दिवे फडफडले की रश नावाचं भूत येणार, कपाटात शिरा. अंधारात 'प्स्स्ट' ऐकू आलं की स्क्रीच, त्याच्याकडे बघा. आइज दिसले की अजिबात बघू नका. झालं, एवढं पाठ झालं की भीती खल्लास. आणि हे कळतं कधी तर मेल्यावर! तो निळा उजेड येऊन समजावतो की बाबा रे, तू अमक्यामुळे मेलास. आधी सांगायला काय झालं होतं? वर ऐंशीव्या दारावर मेलात तरी परत पहिल्यापासून.

कुलूपकिल्ली:
पाठ झालंय म्हणूनच जास्त फाटते भावा. दिवे फडफडले, खोलीत कपाट दिसत नाहीये, मागच्या खोलीत होतं का ते आठवत नाहीये, तेव्हा तुझा पाढा काय कामाचा? आणि रश गेला म्हणून बाहेर आलास आणि तो अँबुश निघाला तर? तो जातो, परत येतो, परत जातो. बरं आतच बसून राहावं तर कपाटातलाच हाइड ढकलून बाहेर काढतो. आधी नियम शिकवायचे आणि मग तेच एकमेकांवर सोडायचे, डोकं लागतं राव याला.

रातकिडा:
हाइडचं मान्य. आणि पन्नासाव्या दाराची लायब्ररी पण खरी, तिथला राक्षस फिगर आंधळा पण कान तिखट, वाकून वाकून पुस्तकं शोधायची, कोड जुळवायचा, तिथे मलाही घाम फुटतो. मग सगळा गेम तसा का नाही केला?

एका कानाची:
सगळा तसा असता तर वीसाव्या दारापर्यंत पण कोणी पोचलं नसतं 😂 माझ्या इयरफोनचा एकच कान चालू आहे, स्क्रीच कुठून बोलला कळत नाही म्हणून मी गरागरा फिरत बसते. आणि चौघी मिळून खेळलो की कसली भुतं अन कसलं काय, एका कपाटात एकच जण मावतो, जी शिरली ती वाचली, बाकीच्यांनी आपलं बघावं. सख्ख्या मैत्रिणीने असं मारलंय मला.

दोन पोरांचा बाप:
तुमचं चालू द्या, माझा राग त्या रिव्हाइव्हवर आहे. पोरगं रडकुंडीला आलं की नेमकं समोर रोबक्स, म्हणजे रोब्लॉक्सचे विकतचे पैसे, देऊन जिवंत व्हायचं बटण. भीती विकतात हो सरळ.

कुलूपकिल्ली:
काका, एक रुपया न घालता शंभरावं दार गाठलंय मी, फक्त कितव्यांदा ते विचारू नका.

दोन पोरांचा बाप:
असेल. पण परवा व्होल्टेज खालीवर झालं, जेवताना हॉलमधली ट्यूब दोनदा फडफडली. मोबाईल चार्जिंगला होता, गेम बंद. धाकटी भाताचा घास हातात धरून थेट कपाटात.

रातकिडा:
बघा, पाठ झालंय तिचं.