ॲपलेशियन ट्रेलवर पिस्तूल न्यावं का? माझं मत: नाही

सोनकी:
येत्या मार्चमध्ये ॲपलेशियन ट्रेल चालायला निघते आहे. जॉर्जियातला स्प्रिंगर माउंटन ते मेनमधला कटाडिन, १४ राज्यं, साधारण ३,५०० किलोमीटर. एकटीच. तयारीत घरी सगळ्यात जास्त वाद झाला तो पिस्तुलावरून. धाकटे दीर टेक्सासला असतात. वहिनींनी हत्यार घेतल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. काळजीपोटी म्हणतात हे कळतं, म्हणून नुसतं "नको" न म्हणता आधी करून पाहिलं.

नेहमीच्या आकाराचं भरलेलं पिस्तूल साधारण साडेआठशे ग्रॅम. तेवढे तांदूळ मोजून पिशवीत बांधले, पिशवी कमरेला अडकवली आणि डेलावेअर वॉटर गॅपहून सनफिश पाँडपर्यंत जाऊन आले. सॅकचा कमरपट्टा नेमका त्याच जागी बसतो. अर्ध्या तासात हाडावर घासायला लागलं. मग पिशवी सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकली. सॅक उतरवून, रेनकव्हर सारून, बकल सोडून ती हातात यायला २२ सेकंद लागले. तेवढ्या वेळात अस्वलही पोचतं आणि माणूसही.

दुसरं, कायदा. २२ फेब्रुवारी २०१० पासून नॅशनल पार्कमध्ये हत्यार बाळगता येतं, पण ज्या राज्यात पाय आहे त्या राज्याच्या नियमाने. व्हरमाँटला परवाना लागतच नाही. मेरीलँड, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स ही याच वाटेवरची राज्यं दुसऱ्या कुणाचा परवाना मानत नाहीत. ट्रेल सांभाळणारी ॲपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सीसुद्धा हत्यार नेऊ नका असंच सांगते. माझं मत पक्कं आहे. तरी ज्यांचं वेगळं आहे त्यांनी जरूर लिहा, मला ऐकायचंय.

अटलांटाकर:
सोनकीताई, मी नेतो. बारा वर्षं उत्तर जॉर्जियाच्या डोंगरांत फिरतोय, दर वेळी नेतो. तुमचा तांदळाचा प्रयोग मनापासून केलेला आहे, पण जागा चुकली. कमरेला कुणीच बांधत नाही. छातीवर, सॅकच्या दोन पट्ट्यांच्या मधे होल्स्टर येतं. घासत नाही आणि दोन सेकंदांत हात पोचतो.

मला अस्वलाची भीती नाही, माणसाची आहे. मे २०१९, व्हर्जिनिया. ट्रेलवर एका माणसाने रात्री मोठा सुरा घेऊन हल्ला केला. एक हायकर जागीच गेला, एका बाईला भयंकर जखमा झाल्या. ती मेल्याचं सोंग करून वाचली आणि त्या अवस्थेत अंधारात मैलोन्‌मैल चालत गेली. हा माणूस आधीच्याच महिन्यात टेनेसीत हायकर्सना धमकावल्याबद्दल पकडला गेला होता. प्रोबेशनवर सुटला आणि पुन्हा ट्रेलवर आला. हायकर्स एकमेकांना सावध करत होते. सगळ्यांना माहीत होतं, आणि तरीही झालं. तिथे पोलीस यायला तास लागतात. एकट्या बाईला "हत्यार नेऊ नकोस" म्हणताना त्या रात्रीचं काय करायचं, हेही सांगायला हवं.

घाटवाट:
अटलांटाकर, ती घटना मीही विसरलेलो नाही. पण तंबूत स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, गाढ झोप, बाहेर आरडाओरडा. कोण हल्ला करतंय, कोण पळतंय, काही दिसत नाही. तंबूचं कापड कागदासारखं. तुम्ही झाडलेली गोळी पलीकडच्या तंबूत कुणाला लागेल याचा भरवसा तुम्ही स्वतः देऊ शकाल का? शेल्टरमध्ये तर आठ-दहा माणसं खांद्याला खांदा लावून झोपतात. मला त्या रांगेत भरलेलं पिस्तूल नको आहे, मग ते कितीही सज्जन माणसाचं असो.

रानवारा:
मोंटानात राहतो, त्यामुळे अस्वलाबद्दल लिहितो. इथे ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वलं आहेत, ॲपलेशियनवर फक्त काळी अस्वलं. अलास्कातल्या घटनांचे दोन अभ्यास आहेत. २००८ चा मिरचीच्या फवाऱ्याचा, म्हणजे बेअर स्प्रेचा: तपकिरी अस्वलं ९२ टक्के वेळा थांबली. २०१२ चा बंदुकीचा, २६९ घटनांचा: हत्यार असूनही ते चालवलं काय आणि न चालवलं काय, माणसाला इजा होण्यात फरक दिसला नाही.

स्प्रे धरायला सोपा. खांद्याच्या पट्ट्यावर लावायचा, क्लिप काढायची, अस्वल आठ-नऊ मीटरवर आलं की किंचित खाली रोखून मारायचा. ढग पसरतो, नेम चुकायची भीती कमी. घरी मुदत संपलेला एक डबा बायकोला अंगणात मारायला दिला, पहिल्या खेपेलाच जमलं. पिस्तुलाचं तसं नाही. विमानात मात्र स्प्रे चालत नाही, सामानातही नाही. उतरल्यावरच विकत घ्या.

अटलांटाकर:
रानवारा, त्याच २०१२ च्या अभ्यासात पिस्तूल वापरलेल्या घटनांत ८४ टक्के वेळा अस्वल आवरलं, हेही आहे. आणि दोन्ही अभ्यासांतल्या घटना वेगवेगळ्या. कुतूहलाने जवळ आलेलं अस्वल आणि अंगावर धावून आलेलं अस्वल एका तागडीत घालता येत नाहीत.

रानवारा:
मान्य. दोन आकडे शेजारी मांडून "हे त्याहून चांगलं" म्हणता येत नाही, मीच घाई केली. तरी माझ्या छातीवर स्प्रेच राहील.

किटाटिनी:
न्यू जर्सीकरांसाठी एक आठवण. सप्टेंबर २०१४, वेस्ट मिलफर्ड. पाच तरुण फिरायला गेले होते. वाटेत भेटलेल्यांनी पुढे अस्वल आहे, परत फिरा, असं बजावलं होतं. मुलांनी फोटो काढले, अस्वल मागे लागलं, मुलं घाबरून वेगवेगळ्या दिशांना पळाली. एक परत आला नाही. रटगर्स विद्यापीठात शिकणारा, २२ वर्षांचा, आपल्यासारख्याच देशी घरातला मुलगा. राज्यात अस्वलाने माणूस मारल्याची नोंद झालेली ती पहिलीच घटना. आमच्या मंडळाच्या सहलीत मी हे दर वर्षी सांगते. पळू नका, पांगू नका, घोळका करून हात वर करा, ओरडा, तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरका. हे त्या पोरांना कुणी आधी सांगितलं असतं तर! पिस्तूल असावं की नसावं याच्या आधी एवढं तरी प्रत्येकाला यायला हवं.

तूर्तास_डेन्व्हर:
एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही आणि आपल्या लोकांसाठी ती सगळ्यात महत्त्वाची आहे. एच-वन-बी (नोकरीचा), एफ-वन (शिक्षणाचा), असल्या व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने तुम्हाला हत्यार आणि काडतुसं बाळगताच येत नाहीत. काही मोजके अपवाद आहेत, जसा राज्याचा चालू शिकार परवाना, पण त्यांच्या भरवशावर वकिलाला न विचारता जाऊ नका. मित्राचं पिस्तूल चार दिवस आपल्या सॅकमध्ये ठेवणं हेही बाळगणंच. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, पण हत्याराच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर हद्दपारीचं कलम लागतं. न्यू जर्सीत विनापरवाना पिस्तूल हा ५ ते १० वर्षांचा गुन्हा आहे, आणि सरकारी वकिलाने सूट दिली नाही तर पहिली साडेतीन वर्षं पॅरोलसुद्धा नाही. नकाशात राज्याची सीमा म्हणजे एक रेघ. डोंगरात ती झाडाला लावलेल्या पाटीएवढी असते, आणि कधी तीही नसते.

अटलांटाकर:
१९८६ च्या कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हत्यार नेता येतं की.

तूर्तास_डेन्व्हर:
रिकामं करून, कुलूपबंद, हाताशी न येणारं असेल तर. गाडीच्या डिकीसाठी ठीक. पायी चालणाऱ्याने कुलूपबंद पेटी पाठीवर वाहायची, तर ते नेलंच कशाला?

सह्यवेडा:
पुण्याहून लिहितोय. आपल्याकडे भीमाशंकर, कोयना, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं. १९७२ च्या कायद्याने परवानगीशिवाय हत्यार घेऊन आतच जाता येत नाही. गावातला वाटाड्या, काठी आणि टॉर्च यांवर आमची भटकंती झाली. तिथली परिस्थिती मला ठाऊक नाही, म्हणून इतकंच.

पाऊलखुणा:
२०२२ मध्ये मी व्हर्जिनियापर्यंत गेले, पायाची पोटरी गेली म्हणून थांबले. रोजचं जगणं सांगते. चार-पाच दिवसांनी गाव येतं. अंगावरचे सोडून सगळे कपडे धुवायला टाकायचे, बहुतेकदा अंगावरचेही, आणि रेनकोट गुंडाळून मशीनपुढे बसायचं. अंघोळीला सामायिक न्हाणीघर, बाहेर सॅकची रांग. अनोळखी माणसाच्या गाडीतून गावात जायचं. या प्रत्येक वेळी पिस्तूल कुठे ठेवणार? माझ्याबरोबर एक मुलगी नेत होती. अंघोळीलाही ती निश्चिंत जाऊ शकायची नाही. शेवटी एका गावातून वडिलांना बोलावून घेतलं आणि ते त्यांच्या ताब्यात दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आज पहिल्यांदा आजूबाजूला बघत चालले.

भीती मलाही वाटायची. एका शेल्टरवर एक माणूस सारखं विचारत होता, एकटीच का, उद्या कुठे थांबणार. मी सांगितलं, नवरा मागून येतोय. आणि भात अर्धा शिजलेला तसाच डब्यात भरून, हेडलॅम्प लावून पुढे पाच किलोमीटर गेले. आणि खरा त्रास कशाने झाला? गोचिडीने. लाइम या गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या आजाराच्या गोळ्या तीन आठवडे घेतल्या.

सोनकी:
सगळे वाचले. अटलांटाकर, छातीवरच्या होल्स्टरचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, त्यामुळे माझा २२ सेकंदांचा मुद्दा मी मागे घेते. बाकी मत तेच. व्हर्जिनियातल्या त्या बाईचं वाचून दोन रात्री झोप नव्हती, तिला मी विसरणार नाही. पण २०१३ मध्ये मेनमध्ये लघवीला वाट सोडून गेलेली आणि परत वाटच न सापडलेली ६६ वर्षांची बाई, तिचीही आठवण तितकीच येते. चार आठवड्यांच्या आसपास ती तंबूत जिवंत होती. मदतीला ना नेटवर्क, ना संकटाचा संदेश पाठवणारा बीकन. ते साडेआठशे ग्रॅम मी सॅटेलाइट मेसेंजर, स्प्रे, शिट्टी आणि एका जास्तीच्या उबदार थराला देणार. पाऊलखुणा, "नवरा मागून येतोय" हे पाठ करून ठेवलंय.

अटलांटाकर:
मी माझं सोडणार नाही, ताई. पण तूर्तास_डेन्व्हरांचं वाचल्यावर एवढं मानतो की जॉर्जियात वीकेंडला नेणं वेगळं आणि १४ राज्यं ओलांडणं वेगळं.

मार्चमध्ये कुठल्या तारखेला निघताय ते इथे लिहू नका, मला निरोपात कळवा. स्प्रिंगरला जाणारी वाट जिथून सुरू होते तो अमिकलोला फॉल्स अटलांटाहून दीड-दोन तासांवर आहे, मी आणि बायको तुम्हाला सोडायला येतो. ब्लड माउंटनच्या पट्ट्यात वसंतात मुक्काम करायचा तर बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा डबा, सक्तीचा आहे. आमच्याकडे एक पडून आहे. तुम्ही नवा घेऊ नका.