गॅरंड रायफलीचा झिजलेला पिस्टन: थर चढवावा की टोक बदलावे?

प्रश्न (लष्कर भाग, ग्वाल्हेर):
अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या थोरल्या बंधूंकडे जुनी लष्करी एम-१ गॅरंड रायफल असून तिचे बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता भाग) पुरेसे मागे जात नाही. माझे येथे लेथचे वर्कशॉप असल्याने पिस्टन मागवून त्यावर क्रोमचा थर चढवून द्यावा, असा विचार आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर १:
कृपया मागवू नका. शस्त्र कायदा, १९५९ नुसार सुटे भागही शस्त्रांतच मोडतात. शिवाय या रायफलीत पिस्टन म्हणजे ऑपरेटिंग रॉडचेच (बोल्ट मागे नेणाऱ्या दांड्याचेच) स्टेनलेस टोक असते. त्याचा व्यास १३.३४ मिलिमीटरच्या खाली गेला, किंवा ते ज्यात सरकते त्या सिलिंडरचा आतला व्यास १३.५१ च्या वर गेला, तर गोळी सुटताना रॉडला ढकलणारा वायू कडेने निसटतो. थर चढवण्यापेक्षा तिथल्याच जाणत्या गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून) नवे टोक बसवून घेणे मला खात्रीचे वाटते.

उत्तर २:
सहमत आहे. मात्र मापे घेण्यापूर्वी सिलिंडरचे पुढचे तोंड बंद करणारा गॅस प्लग सैल नाही ना, हे तुमच्या बंधूंनी पाहावे. सिलिंडर आतून पॉलिश पेपरने घासू नये, कारण त्याने फट वाढते; आणि रॉडला असलेला बाक मुळातला आहे, तो कुणीही सरळ करू नये.