मदत हवी आहे: वयांच्या कोड्यात ३६ ऐवजी ४० घेतलं की अडतंय

मंडळी, पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या मुलांना कोडं घालायचंय. जुनं बहुतेकांना ठाऊक असेल. तीन मुलींच्या वयांचा गुणाकार ३६, बेरीज समोरच्या घराच्या नंबराइतकी. पाहुणा नंबर बघून येतो नि म्हणतो, "अजून नाही सांगता येत." बाप म्हणतो, "थोरली पेटी वाजवते." झालं, पाहुणा उत्तर देतो: २, २, ९.

खरी मेख पाहुण्याच्या अडण्यात आहे. ३६ ची आठ त्रिकुटं होतात, त्यांत १, ६, ६ आणि २, २, ९ या दोघांचीच बेरीज सारखी, १३. दुसरा कुठलाही नंबर असता तर तो अडलाच नसता. 'थोरली' म्हटल्यावर सहा-सहाच्या जुळ्या बाद. (जुळ्यांतही एक चार मिनिटांनी मोठी असतेच, हा वाद वर्गात होणार. वयं पूर्ण वर्षांत, असं आधीच सांगून ठेवते.)

आता ३६ चं उत्तर पोरांना पाठ झालंय, म्हणून ४० घेतलं:
१, १, ४० = ४२
१, २, २० = २३
१, ४, १० = १५
१, ५, ८ = १४
२, २, १० = १४
२, ४, ५ = ११

१४ दोनदा आलं, पण थोरली दोन्हीकडे एकटीच! आता पेटीचं काय करू?

प्रतिसाद: ताई, ४० राहू द्या, पेटी काढा. "धाकट्या दोघी इतक्या सारख्या की आजी रोज चुकते," असं बापाच्या तोंडी घाला. २, २, १० च उरतं.

प्रतिसाद: थोरलीच हवी असेल तर ७२ घ्या. बारा त्रिकुटं, त्यांत १४ दोनदा: २, ६, ६ आणि ३, ३, ८. उत्तर ३, ३, ८. मुलांना धाकटीच्या वयापासून मांडायला लावा, म्हणजे एकही सुटत नाही. तिचं वय ४ च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण ५ × ५ × ५ = १२५.

धागाकर्ती: ७२ च घेते, आभार! कागदावर घर नंबर १४ छापू का?

प्रतिसाद: अजिबात नको. छापलात तर पाहुण्याचं अडणं फुकट जातं, मुलं थेट १४ ची बेरीज शोधतील. चौथीचा वर्ग असता तर चाललं असतं.