मदत हवी आहे: ग्रामपंचायतीच्या १० टक्के निधीतून समुपदेशकाचं मानधन देता येतं का?

आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. गावातल्या, घरात मारहाण होणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसोबत आम्ही काम करतो. आठवड्यातून एकदा समुपदेशक घरी जाऊन आईवडिलांशी बोलतात. एका घरातला मुलगा आधी दाराआडून ऐकायचा, आता तो स्वतःच सतरंजी अंथरतो. म्हणून हे काम मध्येच थांबवायचं नाही, पण मानधनाला पैसे उरलेले नाहीत.

जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारलं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतलं प्रायोजकत्व, म्हणजे महिना ४००० रुपये, मुलाच्या नावाने मिळतं. त्यातून समुपदेशक नेमता येत नाही, असं कळलं. पात्र मुलांचे अर्ज आम्ही भरले आहेतच. तातडीच्या वेळी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवतोही. पण प्रश्न मारहाण होण्याआधीच्या कामाचा आहे.

आता ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा १० टक्के निधी डोळ्यासमोर आहे. सरपंच अनुकूल आहेत. ग्रामसेवकांना मात्र लेखापरीक्षणात आक्षेप येईल अशी भीती वाटते, आणि ती रास्तच आहे. गाव बाल संरक्षण समिती कागदावर आहे, बैठका होत नाहीत.

कुणी या निधीतून असं मानधन मंजूर करून घेतलंय का? ठरावात खर्चाचं शीर्ष काय लिहिलं आणि पैसे संस्थेला दिले की थेट समुपदेशकाला?