सल्ला हवा: एचआयव्ही असलेल्या भावाच्या चेहऱ्यावरच्या पुळ्या, मोलस्कमच आहे हे कसं ठरवायचं?

सीनाकाठ
नमस्कार मंडळी. आयडी नवीन काढलाय, कारण समजून घ्या. धाकट्या भावाला एचआयव्ही आहे. गोळ्या नीट चालू होत्या, पण मणिपूरला रेल्वेच्या बोगद्याच्या कामावर गेला आणि तिकडे त्या सुटल्या. आता सोलापूरला परत आलाय. वजन उतरलंय, अधूनमधून ताप येतो, सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) ६० आलाय. कपाळावर, पापण्यांवर आणि दाढीच्या भागात कातडीच्याच रंगाच्या पुळ्या आहेत, मधोमध खळगा. एक तर सुपारीएवढी झालीय. जवळच्या डॉक्टरांनी नुसतं बघून "मोलस्कम आहे, विषाणूचं असतं" म्हणत काही जाळल्या. नव्या येतच आहेत. पुण्या-मुंबईला न्यावं का? कुणाला दाखवावं?

जाईजुई
आमच्याकडे नागिणीवर गेरू लावतात, लगेच सुकते. करून बघा, अपाय तर नाही.

कातडीबचाव
गेरू नको, जाईजुई. ही नागीण नाही, आणि नागिणीवरही गेरूचा उपयोग नसतो. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, फोटो न बघता लिहितोय, तेवढं धरून वाचा.

सीनाकाठ, आधी जाळणं थांबवा. जळलेल्या पुळीत तपासायला काही उरत नाही.

मोलस्कम असेलही. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर ते पसरलं आणि एखादी पुळी सेंटीमीटरच्या वर गेली, की प्रतिकारशक्ती बरीच घसरलीय असं आम्ही धरून चालतो. पण मोलस्कमनं ताप येत नाही आणि वजनही उतरत नाही. हुबेहूब असाच खळगा क्रिप्टोकॉकस, हिस्टोप्लाझ्मा आणि टॅलरोमायसिस या बुरश्यांच्या पुळ्यांनाही असतो. यातली तिसरी बुरशी ईशान्य भारतात, विशेषतः मणिपूरमध्ये आढळते. ओपीडीत "मध्ये कुठे राहून आलात?" हा प्रश्न राहून जातो, म्हणून तुम्हीच आपणहून सांगा.

डॉक्टरांकडे बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून तपासण्याचा, आग्रह धरा. दिसायला वेगळ्या वाटणाऱ्या दोन पुळ्या निवडायला सांगा, एक नेहमीची खळग्याची आणि एखादी खपली धरलेली असेल तर ती. प्रत्येकीचा एक भाग फॉर्मलीनमध्ये जाईल, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, बुरशीच्या कल्चरसाठी. सगळंच फॉर्मलीनमध्ये टाकलं तर जंतू मरतात आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. ही चूक फार होते. पॅथॉलॉजीच्या कागदावर एचआयव्ही आणि सीडी फोर लिहिलेलं हवं, नाहीतर बुरशीसाठीचे खास रंग लावायचं कुणाच्या डोक्यात येणार?

सोबत रक्ताची क्रिप्टोकॉकल अँटिजेन तपासणी, म्हणजे रक्तात क्रिप्टोकॉकसचा अंश आहे का ते बघणं. सीडी फोर शंभराच्या खाली असल्यावर ती तशीही करायचीच असते. डोकं दुखणं, उलट्या, भ्रम यातलं काही सुरू झालं तर त्याच दिवशी भरती करा. आणि घरात उरलेल्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या, गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नका. क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर निघाला तर एआरटी मुद्दाम चार ते सहा आठवडे उशिरा देतात. ते एआरटी सेंटर ठरवेल, पण सेंटरला उद्याच जा.

अनुभवी_गप्प
वरच्या डॉक्टरांना दुजोरा. मलाही एचआयव्ही आहे, गोळ्या चालू, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला. तरीही बसायच्या जागी गाठ आली. एका सर्जननी चामखीळ म्हटलं, दुसऱ्यांनी कॅन्सर. पहिल्या बायोप्सीत नुसती "सूज" लिहून आली. पुन्हा तुकडा घेतला, जखमेच्या तळाचा स्वॅब पीसीआरला (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) गेला, तेव्हा कळलं की हर्पीस आहे. फोड नाही, पाणी नाही, सरळ मांसल गाठ! असायक्लोविरनं हललीच नाही, पुढे दुसरं औषध लागलं. तेव्हा एका रिपोर्टवर थांबू नका.

कातडीबचाव
बरोबर. याला हायपरट्रॉफिक हर्पीस म्हणतात आणि सीडी फोर चांगला असतानाही तो होतो. नागीणसुद्धा एचआयव्हीत कधी चामखिळीसारखी खरखरीत होऊन महिनोन् महिने राहते. काचपट्टीवरच्या झँक तपासणीत मोठ्या पेशी दिसल्या तर हर्पीसच्या कुळातला विषाणू आहे एवढंच समजतं. साधा हर्पीस की नागीण, हे पीसीआर सांगतो. २०२२ पासून एमपॉक्सही (पूर्वीचं मंकीपॉक्स) यादीत आलाय. सीडी फोर कमी असेल तर त्याच्या मोठ्या, काळ्या पडणाऱ्या जखमा होतात.

समुपदेशक_ताई
पुण्या-मुंबईची घाई नको. सोलापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचाविभाग आहे, तिथून सुरुवात करा. गोळ्या सुटल्या म्हणून कुणी ओरडेल या भीतीनं लोक सेंटरला यायचं टाळतात. त्याला सांगा, बिनधास्त ये, औषधं मोफतच आहेत. एचआयव्ही आहे म्हणून कुणी बायोप्सी नाकारली तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तो भेदभाव ठरतो. काही अडलं तर एड्सच्या १०९७ या हेल्पलाइनवर फोन करा.

सीनाकाठ
अपडेट देतो. क्रिप्टोकॉकल अँटिजेन निगेटिव्ह. कपाळावरच्या पुळीत मोलस्कमच निघालं. मानेवरची खपलीवाली मात्र वेगळी होती, तिच्यात मधे पडदा असलेल्या बुरशीच्या पेशी दिसल्या. कल्चर यायचंय, पण डॉक्टर टॅलरोमायसिसच म्हणतायत. भरती केलंय, ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध चालू आहे, किडनी आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवतायत. पुढे इट्राकोनॅझोल, तेही बुरशीवरचंच. दोन आजार एकदम असू शकतात हे आमच्या डोक्यातही नव्हतं. आता पापणीवरच्या मोलस्कमचं काय करायचं?

कातडीबचाव
सध्या काही नाही. एआरटी लागू पडली की बहुतेकदा ते आपोआप ओसरतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पुळ्या लाल होऊन वाढल्यासारख्या दिसू शकतात, प्रतिकारशक्ती जागी होताना तसं होतं. गोळ्या बंद करू नका, पण दाखवून घ्या. दाढीला वस्तरा नको, त्यानं ते चेहराभर पसरतं. ट्रिमर वापरा, आणि तो फक्त त्याचाच ठेवा. कल्चर आलं की इथे लिहा.