मदत हवी आहे : नांदूर मध्यमेश्वरच्या गाळाची तपासणी

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर ही रामसर यादीतील (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतील) महाराष्ट्राची पहिली जागा असून तिचा समावेश जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला; या पाणथळ जागेचे आरोग्य तेथील गाळाच्या रसायनावरून तपासण्याचा आमचा विचार आहे. भोवतालच्या शेतांतून खतांचा अंश गोदावरी-कादवेच्या पाण्याबरोबर येथे येतो आणि गाळात साठत जातो, म्हणून केवळ सामू (आम्ल-विम्लता, pH) मोजून भागणार नाही; सेंद्रिय कर्ब आणि विशेषतः लोहाशी बांधलेला फॉस्फरस मोजणे मला अत्यावश्यक वाटते. अडचण अशी की, प्राणवायूविरहित गाळ हवेत वाळवताच लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन फॉस्फरसची रूपे बदलतात, आणि शेतीच्या माती परीक्षणात सहसा वाळवलेलाच नमुना वापरतात. ओला गाळ तपासणारी प्रयोगशाळा कोठे आहे, आणि तोपर्यंत नमुना हवाबंद व थंड कसा ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.